उगारलेला हात आणि वाजवी धास्ती : सोलापूर, १९३०

भारतीय दंड संहितेच्या जुन्या कलम ३५१ खाली तीन दृष्टान्त होते. पहिल्यात एक माणूस दुसऱ्यावर मूठ उगारतो. दुसऱ्यात एक जण चावऱ्या कुत्र्याचे मुसके सोडू लागतो. तिसऱ्यात एक जण काठी उचलतो आणि समोरच्याला मारण्याची भाषा करतो. तिन्ही ठिकाणी कुणाच्या अंगाला बोटही लागलेले नाही. मूठ हवेतच आहे, कुत्रा अजून जागचा हललेला नाही, काठी खाली आलेली नाही. तरीही तिन्ही ठिकाणी गुन्हा पुरा झालेला आहे. कायद्याच्या मराठीत या गुन्ह्याला ‘हमला’ म्हणतात. प्रत्यक्ष फटका बसला की त्याचे नाव बदलते, तो ‘फौजदारीपात्र बलप्रयोग’ होतो, आणि इजा झाली तर पुढची कलमे लागतात.

सोलापूरच्या कोर्टात इतकी वर्षे काळा कोट घालून वावरल्यावर एक वाक्य मला पाठ झाले आहे. पक्षकार समोर बसतो आणि म्हणतो, “साहेब, मारलं नाही हो, नुसता हात उगारला.” त्याला वाटते, आपण बचाव सांगितला. खरे तर त्याने कबुली दिलेली असते. बोलीभाषेत ‘हल्ला’ म्हणजे मारहाण. कायद्यात मात्र हमला ही मारहाणीच्या अलीकडची गोष्ट आहे. हात उगारणे, अंगावर धावून जाणे, बाह्या सावरणे यांतून समोरच्याच्या मनात जे निर्माण होते त्यावर हा गुन्हा उभा आहे. शिक्षा तशी किरकोळ, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. पोलीस ठाण्यात त्याची एनसी होते आणि बहुतेक वेळा प्रकरण तिथेच विरते. पण कल्पना म्हणून हे कलम मला फार मोठे वाटत आले आहे, कारण ते एका माणसाच्या मनातल्या धास्तीला कायद्याच्या तराजूत घालते. धास्ती तोलायची तर वजने लागतात. ती कोणती, आणि कुणाच्या धास्तीसाठी कोणती वजने वापरली जातात, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी माझ्याच गावाचा १९३० सालचा मे महिना मला पुन्हा पुन्हा तपासावासा वाटतो.

आधी थोडे मागे जाऊ. ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली आणि इंग्लंडमध्ये ती फार जुनी आहे. १३४८ सालच्या सुमारास एक माणूस रात्री दारू घ्यायला एका गुत्त्यावर गेला. दार बंद होते. त्याने हातातल्या कुऱ्हाडीने दारावर घाव घालायला सुरुवात केली. गुत्तेवाल्याच्या बायकोने खिडकीतून डोके बाहेर काढून त्याला थांबायला सांगितले, तेव्हा त्याने तिच्यावर कुऱ्हाड उगारून वार केला. तो लागला नाही. इजा झालीच नाही तर भरपाई कसली, असा प्रश्न आला. न्यायाधीशाने सांगितले की इजा झाली आहे, आणि भरपाई द्यायला लावली. पुढे १६६९ मध्ये एकाने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाला की न्यायाधीश गावात आले नसते तर मी हे बोलणे ऐकून घेतले नसते. इथे हमला नाही असे ठरले, कारण त्याच्या शब्दांनीच त्याच्या हाताचा अर्थ पुसून टाकला होता. १८३० मध्ये, म्हणजे सोलापूरच्या घटनेच्या बरोबर शंभर वर्षे आधी, एका चर्चच्या सभेत भडकलेला माणूस मूठ आवळून अध्यक्षाकडे निघाला. मधल्या माणसाने त्याला अडवले. तो अध्यक्षापर्यंत पोचूच शकला नव्हता, तरी हमला झाला असे ठरले. भरपाई मिळाली एक शिलिंग! ज्यूरीला कायदाही पटला होता आणि अध्यक्षाची फारशी कीवही आली नसावी.

मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली दंड संहितेचा मसुदा तयार केला. तो १८६० मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. या संहितेने वरच्या सगळ्या निकालांचा अर्क दोन-तीन वाक्यांत बसवला. हावभाव किंवा तयारी हवी. समोरचा माणूस तिथे उपस्थित हवा. आता आपल्यावर बळाचा वापर होणार असे त्याला वाटण्याचा संभव हवा, आणि हे आरोपीला ठाऊक तरी हवे किंवा त्याचा तसा हेतू हवा. नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे. पण शब्दांमुळे हावभावाला अर्थ मिळू शकतो. काठी उचलणारा माणूस गुराखीही असू शकतो. तो काय बोलतो त्यावरून काठीचा अर्थ ठरतो.

इथे एक बारकावा आहे. कायद्याला अपेक्षित असलेली धास्ती म्हणजे घाबरणे नव्हे. एखाद्या कसलेल्या पैलवानावर कुणी काडीपैलवानाने मूठ उगारली तर पैलवान हसेल, घाबरणार नाही. तरीही मूठ येते आहे याची चाहूल त्याला लागली, एवढे पुरेसे असते. कायद्याने निर्भय माणसालाही संरक्षण दिले आहे. आणि उलट बाजूने, अतिभित्र्या माणसाच्या प्रत्येक दचकण्याला कायदा किंमत देत नाही. यासाठीचा शब्द कलम ३५१ मध्ये नाही, तो स्वसंरक्षणाच्या कलमांत आहे. देहाच्या रक्षणाचा हक्क केव्हा सुरू होतो? कलम १०२ म्हणते, धोक्याची वाजवी धास्ती निर्माण झाली की लगेच. घाव बसण्याची वाट पाहावी लागत नाही. आणि तो हक्क कुठवर टिकतो? ती धास्ती टिकते तोवरच. हे दुसरे वाक्य लोक विसरतात. वकीलही विसरतात. धास्तीला सुरुवात असते तसा शेवटही असतो, आणि शेवटानंतर उचललेला हात हा बचाव राहत नाही.

एवढी सामग्री घेऊन आता मे १९३० च्या सोलापुरात येऊ.

मिठाचा सत्याग्रह सुरू होता. ५ मेच्या पहिल्या प्रहरी कराडी इथे गांधीजींना अटक झाली. बातमी आली आणि सोलापुरात हरताळ पडला. हे गिरण्यांचे शहर. जुनी मिल, नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू. भोंग्यावर उठणारे आणि भोंग्यावर झोपणारे. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी या चार भाषांत इथे घोषणा दिल्या जात. कामगार रस्त्यावर आला की शहरच रस्त्यावर येई. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात लोकांनी शिंदीची झाडे तोडली. दारूच्या उत्पन्नावर सरकारचा महसूल उभा होता, त्यामुळे शिंदीचे झाड तोडणे हा मीठ उचलण्यासारखाच कायदेभंग होता. काही जणांना पकडण्यात आले. त्यांना सोडा म्हणून जमाव अडून बसला. कलेक्टर नाइट पोलिसांसह तिथे पोचले. गोळीबार झाला. झेंडा घेऊन पुढे सरसावलेला शंकर शिवदारे हा तरुण पडला. सोलापूर त्याला पहिला हुतात्मा मानते. जमाव बिथरला. मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर चाल झाली, पोलीस मारले गेले, कोर्टाच्या इमारतीला आग लागली. पोलिसांनी पुन्हा गोळ्या चालवल्या, आणखी माणसे पडली.

त्या दिवसाबद्दल दोन परस्परविरोधी कथा आहेत आणि दोन्ही धास्तीच्याच कथा आहेत. सरकारी कथेत मूठभर पोलीस हजारोंच्या वेढ्यात सापडतात. लोककथेत नि:शस्त्र माणसांवर बंदुका रोखल्या जातात. मी यातल्या कुठल्याही कथेला एका झटक्यात खोटे म्हणणार नाही. झाडे तोडायला कुऱ्हाडी लागतात. १३४८ मधल्या त्या बाईने खिडकीतून कुऱ्हाड पाहिली तेव्हा तिला काय वाटले असेल ते ओळखायला कायद्याची पदवी लागत नाही, आणि ८ मेच्या दुपारी पोलिसांच्या रांगेत उभ्या असलेल्या शिपायालाही काही वाटले असेलच. तो शिपाईसुद्धा आपल्याच मुलखातला, दहा-बारा रुपड्यांसाठी उभा असलेला. चौकीत मेले ते पोलीस कुणाच्या तरी घरचे होते. दुसरीकडे, मल्लप्पा धनशेट्टी यांनी त्या गर्दीत जमावाला आवरून कलेक्टरला वाचवले, असे सोलापुरात आजवर सांगितले जाते. म्हणजे आवरता येण्याजोगा जमाव होता. माझ्यापुरता मी इतकेच म्हणतो: पहिल्या गोळीच्या क्षणापुरता प्रश्न खुला आहे. कलम १०२ चे पहिले वाक्य दोन्हीकडून लावता येते.

दुसरे वाक्य मात्र सरकारला लावता येत नाही.

कारण नंतर काय झाले ते पाहा. पोलीस शहरातून मागे घेतले गेले. ९, १० आणि ११ मे या दिवसांत सोलापुरात सरकार म्हणून काही दिसत नव्हते, आणि काँग्रेसचे स्वयंसेवक चौकाचौकांत उभे राहून रहदारी सांभाळत होते. ‘सोलापूर चार दिवस स्वतंत्र होते’ ही आमच्या शहराची अभिमानाची ओळ इथूनच येते. अभिमान बाजूला ठेवून वकिली नजरेने बघितले तरी प्रश्न उरतोच. लष्करी कायदा पुकारला गेला १२ मेला. तोवर उगारलेली मूठ कुठे होती? काठी कुणाच्या हातात होती? धास्ती टिकते तोवरच हक्क टिकतो, असे दंड संहितेने साध्या माणसाला बजावले होते. त्याच मोजपट्टीने पाहिले तर ८ तारखेची धास्ती १२ तारखेपर्यंत आणि तिथून पुढे ३० जूनपर्यंत, एकूण ४९ दिवस ताणणे हे वाजवी ठरत नाही. सरकारचे म्हणणे असे होते की शहरात समांतर सत्ता उभी राहिली आहे. रहदारी सांभाळणारा स्वयंसेवक हाच सरकारच्या दृष्टीने धोक्याचा पुरावा होता! सत्तेला वाटलेली ही धास्ती अंगावर येणाऱ्या माणसाची नव्हती. आपल्यावाचून गाडे चालते आहे हे दिसल्याची होती. अशा धास्तीसाठी दंड संहितेत दृष्टान्त नाही.

लष्करी कायद्याच्या त्या ४९ दिवसांत झेंडा घेऊन फिरणे हा गुन्हा ठरला. गांधी टोपी डोक्यावरून उतरवायला लावल्याच्या आठवणी कितीतरी घरांत आहेत. कलम ३५१ च्या शेजारी हे ठेवून बघावे. मूठ, कुत्रा, काठी, आणि त्या मालिकेत चौथी टोपी. कायद्याने हावभाव मागितला होता, तो यासाठी की कुणाच्या मनात काय आले एवढ्यावर दुसऱ्याला पकडता येऊ नये. बाहेर काहीतरी दिसले पाहिजे, आणि जे दिसले ते लगेच होऊ घातलेल्या बळाच्या वापराकडे बोट दाखवणारे पाहिजे. टोपी दिसते, यात शंका नाही. पण ती कुणावर उगारता येत नाही.

ब्रिटिश कायद्याच्या परंपरेत लष्करी कायद्याला स्वतःचा असा पाया नाही, तो उभा असतो ‘आवश्यकता’ या एका शब्दावर. घराला आग लागली तर शेजाऱ्याची भिंत पाडायला हरकत नाही, पण आग विझल्यावर नव्हे. हे तत्त्व स्वसंरक्षणाच्या तत्त्वाचेच मोठे भावंड आहे. सोलापूरच्या कैद्यांच्या निमित्ताने त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती बोमंट यांच्यापुढे याची चर्चा झाली. चनाप्पा शांतिरप्पा या नावाने तो निकाल कायद्याच्या पुस्तकांत आहे आणि लष्करी कायद्याबद्दल भारतात कुणीही लिहायला बसला की त्याला तिथे यावेच लागते. आवश्यकता होती की नाही हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, हा मुद्दा त्या निकालामुळे चर्चेत पक्का झाला. मला त्यात एक विचित्र समाधान वाटते. सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या दंग्यातून घटनात्मक कायद्याचा एक धडा निघाला आणि तो आजही मुले परीक्षेला लिहितात; मात्र त्यातले ‘शोलापूर’ आपलेच, हे आमच्याच लॉ कॉलेजच्या मुलांना कितीदा सांगावे लागते!

पोलिसांच्या खुनाबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशीची शिक्षा झाली. अपिले फेटाळली गेली. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत होते आणि विशीतले होते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिले. शहराने त्यांना ‘चार हुतात्मे’ हे एकच नाव दिले, आणि चौघे चार समाजांतले होते ही गोष्ट सोलापूर दर १२ जानेवारीला आवर्जून सांगते.

या खटल्याच्या अनुषंगाने दंड संहितेतले आणखी एक कलम मला महत्त्वाचे वाटते. कलम ९९. सरकारी नोकर सद्‌भावनेने, आपल्या पदाच्या नात्याने काही करत असेल, तर ते कायद्याच्या काटेकोर चौकटीत बसत नसले तरी त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क सांगता येत नाही. पोलिसाने चुकीचा वॉरंट आणला म्हणून त्याला ढकलून देता येत नाही. हे सर्वांना ठाऊक असते. पण याच वाक्यात एक अपवाद गुंफलेला आहे: त्या कृत्यामुळे मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी धास्ती वाटत नसेल तरच. म्हणजे खुद्द मेकॉलेच्या वारसदारांनी, वसाहतीच्या कायद्यात, गणवेशातल्या माणसासमोर उभ्या असलेल्या रयतेची धास्तीही मोजायची सोय करून ठेवली होती. बंदुकीच्या नळीसमोर वाटलेली धास्ती वाजवी असू शकते, असे पुस्तक म्हणत होते. पुस्तकातले हे अर्धे वाक्य १९३० च्या सोलापुरात कुणाला फळले नाही. एका बाजूची धास्ती ‘आवश्यकता’ झाली, दुसऱ्या बाजूची धास्ती ‘दंगा’ झाली. कलमे तीच होती, वजने बदलली होती.

या प्रकरणाचे एक शेपूट पुण्याला गेले. सोलापूरच्या लष्करी कायद्याच्या वेळी मुंबई सरकारात गृहखाते सांभाळणारे सर अर्नेस्ट हॉटसन १९३१ मध्ये हंगामी गव्हर्नर झाले होते. २२ जुलै १९३१ रोजी ते फर्ग्युसन कॉलेजच्या वाडिया ग्रंथालयात आले असताना वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने अगदी जवळून त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. सोलापूरचा राग हे कारण. हॉटसनना इजा झाली नाही. काडतुसात दोष होता म्हणा किंवा खिशातले चामडी पाकीट आणि नोटा आड आल्या म्हणा. खटला खुनाच्या प्रयत्नाचा, कलम ३०७ चा. गोळीने मरण येणेच शक्य नव्हते तर प्रयत्न कसला, या युक्तिवादाला उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. पुन्हा बोमंटच मुख्य न्यायमूर्ती होते. गोगट्यांना ८ वर्षांची सक्तमजुरी झाली आणि ते पुढे ‘हॉटसन-गोगटे’ याच नावाने ओळखले गेले. हमल्याच्या आणि खुनाच्या प्रयत्नाच्या कायद्यातला फरक समजावून सांगायला मी नवख्या वकिलांना हेच उदाहरण देतो. प्रयत्नाच्या गुन्ह्यात मारणाऱ्याचे मन तपासले जाते, हॉटसन घाबरले की नाही याला तिथे काहीच महत्त्व नाही. हमल्यात मात्र नजर समोरच्यावर वळते. त्याला काय दिसले, त्याला काय वाटले, आणि त्याच्या जागी दुसरा समंजस माणूस असता तर त्यालाही तसे वाटले असते का.

ही शेवटची कसोटी न्यायालयाने किती माणुसकीने लावावी, याचे उत्तम उदाहरण स्वतंत्र भारतात लवकरच मिळाले. मार्च १९५० मध्ये कटनीला स्थानिक लोक आणि सिंधी निर्वासित यांच्यात दंगा झाला. जमावाने अमजद खान या दुकानदाराच्या भावाचे शेजारचे दुकान फोडून लुटले आणि मग त्याच्या दारावर लाठ्या पडू लागल्या. त्याने दोन गोळ्या झाडल्या. एक माणूस मेला, तीन जखमी झाले. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी धरले. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडले. निकाल लिहिला न्या. व्हिवियन बोस यांनी, जे त्याआधी आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की दार फुटेपर्यंत आणि बायकामुलांवर हात पडेपर्यंत थांबायला त्या माणसाला सांगता येणार नाही, आणि अशा घटकेला सोनाराच्या काट्यावर मोजमाप करू नये. मला हा निकाल वाचताना दर वेळी सोलापूर आठवते. कटनीत जमावासमोर एक दुकानदार होता, सोलापुरात जमावासमोर सरकार होते, म्हणून दोन्ही एकाच मापाने मोजा असे मी म्हणत नाही. पण बोस यांनी धास्ती मोजताना जे पाहिले ते साधे होते: दाराबाहेर त्या क्षणी प्रत्यक्ष काय घडत होते. सोलापूरबद्दल १२ मेनंतरचे सरकारी कागद हा प्रश्न विचारतच नाहीत.

आजच्या काळात ही वजने सगळ्यांत जास्त हेलकावे खातात ती सरकारी नोकरावरच्या हमल्याच्या कलमात. जुने ३५३, आताचे भारतीय न्याय संहितेतले १३२. तलाठी कार्यालयात आवाज चढला, वाहतूक हवालदाराशी हुज्जत झाली, की हे कलम लावण्याचा मोह होतो. महाराष्ट्राने तर मध्यंतरी राज्यापुरती दुरुस्ती करून त्याची शिक्षा २ वर्षांवरून ५ वर्षांपर्यंत नेली होती. कामावर मार खाणारे कर्मचारी असतात, डॉक्टर असतात, हे खोटे नाही, आणि त्यांना संरक्षण हवेच. पण कलमाच्या पोटात जुनाच ‘हमला’ बसलेला आहे, आणि नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे हे वाक्य अजून पुसलेले नाही. बंगळूरच्या एका जोडप्याने वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रारीचा मजकूर टाकला म्हणून त्यांच्यावर ३५३ लागले होते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. टोपी उगारता येत नाही तसा मजकूरही उगारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून हमल्याची व्याख्या कलम १३० मध्ये गेली आणि ३५१ हा आकडा धाकदपटशाच्या गुन्ह्याला मिळाला. आमच्या बाररूममधली जुनी मंडळी अजून सवयीने ३५१ म्हणतात आणि नवी मुले दुसरेच कलम उघडतात. मूठ, कुत्रा आणि काठी मात्र नव्या संहितेतही जशीच्या तशी आहेत.

हावभावाच्या त्या एका अटीचे मोल किती, हे कळायला ती अट नसलेला कायदा पाहावा लागतो, आणि त्यासाठी सोलापूरबाहेर जावे लागत नाही. ज्या साम्राज्याने १८६० साली ही दंड संहिता केली त्यानेच अकरा वर्षांनी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू करता येऊ लागला. एखादी जमात गुन्ह्यांना सरावलेली आहे असे मानायला कारण आहे, असे प्रांतिक सरकारला वाटले की पुरे. ते कारण खरे की खोटे हे न्यायालयाला विचारता येत नव्हते. अधिसूचनेला आव्हान देण्याची वाटच कायद्याने बंद केली होती. सोलापुरात या कायद्याखाली मोठी वसाहत झाली. तारेच्या कुंपणाआड कैकाडी, पारधी, मांगगारुडी अशा कितीतरी जमातींची कुटुंबे आणून ठेवली गेली. त्यांची हजेरी होई आणि त्यांतली माणसे शहरातल्या गिरण्यांत राबत. मूठ नाही, काठी नाही. जन्म हाच हावभाव. अशा जमातीचा माणूस चोरी करण्याच्या बेतात आहे असे वाटावे अशा परिस्थितीत सापडला तर त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होती. ‘बेतात असणे’ हे हमल्याच्या व्याख्येतही आहे. तिथे खरोखर मूठ उगारून दाखवणाऱ्याला जास्तीत जास्त ३ महिने.

मे १९३० मध्ये गोरे अधिकारी सोलापूरच्या जमावाला घाबरले, त्या वेळी शहराच्या कडेला तारेआड हजारो माणसे कुणाच्या तरी जुन्या धास्तीची किंमत मोजत होती. त्या वर्षाच्या गौरवग्रंथांत त्यांचा उल्लेख शोधावा लागतो. आमच्या शहराने आपल्यावर झालेला अन्याय जपून ठेवला. तारेआडचा मात्र त्याला कधी आपला वाटला नाही. मुंबई प्रांताने तो कायदा १९४९ मध्ये मोडीत काढला, देशभरात तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, आणि पुढे १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जमातीऐवजी एकेका माणसाला प्रत्यक्ष झालेल्या शिक्षा मोजायच्या होत्या. तारा निघाल्या. वस्तीला सोलापूरकर आजही सेटलमेंटच म्हणतात, आणि तिथला पत्ता सांगून जामीनदार उभा राहिला की कोर्टात एखादी भुवई अजूनही वर जाते.